लायब्ररीचे किमान सी++ मानक कसे वाढवावे: नव्या मेंटेनरसाठी मार्गदर्शक

एखादी सी++ लायब्ररी ‘आमच्यासाठी किमान सी++११ लागते’ असे जाहीर करते, तेव्हा ती वापरणाऱ्यांना एक शब्द देत असते: तुमच्या कंपायलरला सी++११ कळत असेल, तर आमच्या हेडर फाइल तुमच्या प्रोग्राममध्ये घेताना अडचण येणार नाही. हेच किमान मानक सी++१७ करायचे ठरले, तर दिसायला बदल बिल्डच्या फाइलमधल्या एका आकड्याचा असतो. मात्र त्या आकड्यामुळे कोणाचा तरी बिल्ड त्या दिवसापासून बंद पडतो, आणि तो कोणाचा पडेल हे आधीच शोधून काढणे यातच या कामाचे खरे कष्ट आहेत. जळगाव, धुळे, शिरपूर, भुसावळ येथील महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या आणि पहिल्यांदाच एखाद्या छोट्या लायब्ररीची जबाबदारी अंगावर आलेल्या मुलामुलींसाठी ते काम येथे क्रमाने मांडले आहे.

सी++ चे पहिले आंतरराष्ट्रीय मानक १९९८ मध्ये आले. २०११ पासून दर तीन वर्षांनी नवे मानक येत गेले आणि त्या त्या वर्षावरून सी++११, १४, १७, २०, २३ अशी नावे रूढ झाली. आपल्याकडे अनेकांची या भाषेशी पहिली ओळख निळ्या पडद्याच्या टर्बो सी++ वर झालेली असते. तो कंपायलर १९९८ च्याही आधीचा असल्यामुळे मानक नावाची काही गोष्ट असते आणि ती निवडावी लागते, हे तेथे कधी कळतच नाही. लेखातल्या आज्ञा आणि मॅक्रोंची नावे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करावीत.

उदाहरणासाठी एक लायब्ररी गृहीत धरू. जिनिंग मिलच्या भुईकाट्यावर कापसाची गाडी उभी राहते, काट्याचा इंडिकेटर सिरियल पोर्टवरून सतत अक्षरांची ओळ पाठवत राहतो, त्या ओळीत आधी अधिक किंवा उणे चिन्ह, मग सात आकडी वजन आणि त्याला लागूनच वजन स्थिर झाले की नाही हे सांगणारा एकआकडी कोड असतो, आणि आपली लायब्ररी त्यातून किलोंचा आकडा काढून पावती छापणाऱ्या प्रोग्रामच्या हाती देते. पावतीचे प्रोग्राम विंडोजवर लिहिणारे काही स्थानिक प्रोग्रामर, प्रकल्पासाठी ती वापरणारे विद्यार्थी आणि लिनक्सच्या सर्व्हरवर नोंदी गोळा करणारे एखादे कार्यालय, असे तिचे वापरकर्ते आहेत. ती आज सी++११ वर आहे आणि तिला सी++१७ वर न्यायचे आहे.

पायरी पहिली: आजचे खरे किमान मानक तपासा

वाचामाहिती (रीडमी) फाइलमध्ये लिहिलेले मानक आणि कोडला प्रत्यक्ष लागणारे मानक हे एकच असते, असे गृहीत धरू नये. कित्येकदा कोणाच्या तरी पुल रिक्वेस्टमधून, म्हणजे ‘माझा बदल सामील करून घ्या’ या विनंतीतून, स्टँडर्ड लायब्ररीतले ‘मेक_युनिक’ आत आलेले असते. ‘युनिक_पीटीआर’ सी++११ मधला असला तरी ‘मेक_युनिक’ सी++१४ मध्ये आले, म्हणजे लायब्ररी कोणालाही न सांगता आधीच एक पायरी वर गेलेली असते आणि वाचामाहिती मात्र जुनेच बोलत असते.

ही चूक सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलानंतर आपोआप बिल्ड आणि चाचण्या चालवणाऱ्या व्यवस्थेत, पकडली का जात नाही, याचे कारण नवख्यांनी नीट समजून घ्यावे. बिल्ड कसा करायचा हे ठरवणाऱ्या सीमेक या साधनात ‘टार्गेट_कंपाइल_फीचर्स’ वापरून ‘सीएक्सएक्स_एसटीडी_११’ मागितले, तर त्याचा अर्थ ‘किमान ११’ असा होतो; कंपायलरचे मुळातले मानक, म्हणजे काही न सांगता तो धरतो ते, त्याहून वरचे असेल, तर सीमेक मानकाचा फ्लॅग घालत नाही. जीसीसी या कंपायलरच्या ६ व्या आवृत्तीपासून मुळातले मानक सी++१४ आहे आणि जीसीसी ११ पासून ते सी++१७ आहे. क्लँग या दुसऱ्या कंपायलरमध्ये हेच बदल अनुक्रमे ६ आणि १६ या आवृत्त्यांत झाले. परिणामी, उबुंटू २२.०४ वरच्या जीसीसी ११ ने तुमची ‘सी++११ ची’ लायब्ररी रोज सी++१७ म्हणूनच कंपाइल होते आणि सीआयवर हिरवी खूण येत राहते. त्या खुणेवरून किमान मानकाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून सीआयमध्ये एक वेगळे काम ठेवावे, ज्यात ‘सीमेक_सीएक्सएक्स_स्टँडर्ड’ स्पष्टपणे ११ दिलेले असेल, ‘स्टँडर्ड_रिक्वायर्ड’ चालू असेल आणि ‘एक्स्टेन्शन्स’ बंद असतील. एक्स्टेन्शन्स बंद ठेवल्या नाहीत, तर जीसीसीच्या स्वतःच्या वाढीव सवलती कोडमध्ये शिरतात आणि त्या मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर चालत नाहीत. हे काम आजच्या कोडवर चालवून पाहावे. ते नापास झाले, तर आधी तेवढी दुरुस्ती करून एक छोटी आवृत्ती काढावी. ज्यांना पुढे जुन्या आवृत्तीवरच थांबावे लागणार आहे, त्यांच्यासाठी ती आवृत्ती निर्दोष असणे गरजेचे आहे.

पायरी दुसरी: मानक नव्हे, कंपायलर मोजा

वापरकर्त्याला ‘तू सी++१७ वापरतोस का?’ असे विचारून उपयोग होत नाही, कारण बहुतेकांना ते माहीत नसते आणि माहीत असण्याची गरजही नसते. त्याच्याकडे कोणता कंपायलर आहे, त्याची आवृत्ती कोणती आणि तो बदलणे त्याच्या हातात आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. किमान मानकाचा खरा हिशेब कंपायलरच्या आवृत्त्यांतच होतो, आणि हा लेख ज्यावर उभा आहे तो मुद्दा हाच.

आपल्या भागातल्या विद्यार्थ्यांच्या संगणकांवर काय आढळते ते पाहू. डेव्ह-सी++ ५.११ सोबत येणारा जीसीसी ४.९.२ आहे आणि कोडब्लॉक्स १७.१२ सोबत येणारा जीसीसी ५.१. या दोन्हींचे मुळातले मानक सी++९८ आहे, म्हणजे सेटिंग न बदलता ते सी++११ सुद्धा घेत नाहीत, आणि सी++१७ च्या बाबतीत तर दोन्ही निकालात निघतात. कोडब्लॉक्स २०.०३ सोबत जीसीसी ८.१ येतो, तो चालेल. लिनक्सच्या बाजूला सेंटओएस ७ वर जीसीसी ४.८.५ होता आणि त्या प्रणालीचा अधिकृत आधार ३० जून २०२४ रोजी संपला, उबुंटू १८.०४ वर जीसीसी ७, रेड हॅट ८ आणि डेबियन १० वर जीसीसी ८, उबुंटू २०.०४ वर जीसीसी ९ मिळतो. मायक्रोसॉफ्टकडे व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ ची १५.७ किंवा त्यापुढची आवृत्ती असल्यास सी++१७ चे काम होते.

येथे दोन यंत्रांमधला फरक मनात स्पष्ट ठेवावा. काट्याच्या खोलीतला धूळ खाल्लेला संगणक जुना आहे म्हणून लायब्ररी जुन्या मानकावरच ठेवली पाहिजे, हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो, आणि तो बहुतांशी चुकीचा आहे. मानक लागते ते प्रोग्राम जेथे कंपाइल होतो त्या यंत्रावर. काट्याजवळचा संगणक तयार झालेली एक्झी फाइल फक्त चालवतो. मात्र ‘बहुतांशी’ हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. नव्या कंपायलरने बांधलेल्या प्रोग्रामला चालताना त्या कंपायलरची रनटाइम लायब्ररीही हवी असते. लिनक्सवर ती नसली तर ‘जीएलआयबीसीएक्सएक्स ची अमुक आवृत्ती सापडली नाही’ असा संदेश येऊन प्रोग्राम सुरूच होत नाही, आणि विंडोजवर व्हिज्युअल सी++ चा पुनर्वितरण संच बसवलेला नसला तर डीएलएल सापडत नसल्याची तक्रार येते. यावर रनटाइम स्थिर पद्धतीने प्रोग्राममध्येच जोडणे हा सोपा उपाय आहे. तो वाचामाहितीत लिहून ठेवावा, म्हणजे प्रत्येक नव्या वापरकर्त्याला फोनवर समजावत बसावे लागत नाही.

पायरी तिसरी: कारण ठरवा, आणि ते कागदावर उतरत नसेल तर थांबा

नवे मानक आले आहे एवढ्यावरून ते घ्यावे असे होत नाही. काट्याच्या लायब्ररीसाठी सी++१७ मधून नेमके काय मिळते, हे तीन वाक्यांत लिहिता आले पाहिजे.

पहिला लाभ ‘ऑप्शनल’ चा. वजन अजून स्थिर नसेल तेव्हा सध्या फंक्शन उणे एक परत करते. पण रिकाम्या काट्याचे शून्य सरकले की इंडिकेटर खरोखरच उणे एक किलो दाखवू शकतो, आणि मग ‘वजन नाही’ व ‘वजन उणे एक’ या दोन गोष्टी प्रोग्रामला वेगळ्या करता येत नाहीत. ‘ऑप्शनल’ मुळे हा घोळ मुळातूनच जातो. दुसरा लाभ ‘स्ट्रिंग_व्ह्यू’ चा: इंडिकेटरकडून येणाऱ्या प्रत्येक ओळीची नवी प्रत न करता तिचा हवा तेवढा तुकडा पाहता येतो. तिसरा ‘फ्रॉम_चार्स’ चा, ज्यावर पुढे विस्ताराने लिहिले आहे.

चाचण्यांसाठीची लायब्ररी नवे मानक मागते, हे मात्र पुरेसे कारण नाही. गूगलटेस्टने १.१३.० पासून सी++१४ आणि १.१७.० पासून सी++१७ बंधनकारक केले. तरी चाचण्या हे वेगळे टार्गेट आहे. त्यांना १७ आणि लायब्ररीला ११ असे सहज ठेवता येते, आणि वापरकर्त्यांना त्याची झळ लागत नाही.

अकरावरून आधी चौदावर जावे आणि नंतर सतरावर, असा सल्ला पुष्कळ जण देतात. माझे मत वेगळे आहे. सी++१४ बव्हंशी समजणारे पण सी++१७ पूर्ण न समजणारे कंपायलर म्हणजे मुख्यतः जीसीसी ५ व ६ आणि व्हिज्युअल स्टुडिओ २०१५. तुमचे वापरकर्ते तेथेच अडकलेले नसतील, तर मधल्या थांब्याने त्यांना कंपायलर बदलण्याचा त्रास दोनदा होतो आणि हाती येते ते थोडके. क्लँगचा मूळ प्रकल्प असलेले एलएलव्हीएम १० व्या आवृत्तीत सी++१४ वर आणि २०२३ मध्ये, १६ व्या आवृत्तीत, १७ वर गेले. क्यूटी या लायब्ररीने २०२० मध्ये सहावी आवृत्ती काढताना थेट सी++१७ मागितले, तोपर्यंत त्यांचे किमान सी++११ होते. दोन्ही वाटा चाललेल्या आहेत. वीसवर मात्र उडी घेऊ नये. त्या मानकातली मॉड्यूल्ससारखी अंगे कंपायलरांमध्ये बराच काळ अर्धवट होती आणि छोट्या लायब्ररीला त्यांची गरजही नसते.

‘सी++१७ लागते’ असे लिहिल्याने सगळे भागत नाही, कारण कंपायलर ते मानक समजतो म्हणून त्यातली प्रत्येक गोष्ट त्याच्यासोबत येतेच असे नाही. फाइलसिस्टिमचा भाग जीसीसी ८ मध्ये असतो, पण त्यासाठी लिंक करताना वेगळी लायब्ररी जोडावी लागते. ती अट जीसीसी ९ मध्ये गेली. ‘फ्रॉम_चार्स’ पूर्णांकांसाठी जीसीसी ८ पासून आहे, तर दशांशांसाठी ते जीसीसी ११ मध्ये आले. म्हणून वजन पूर्ण किलोंत किंवा ग्रॅमांत पूर्णांक म्हणून ठेवावे आणि किमान अट अशी जाहीर करावी: सी++१७, आणि त्यासोबत जीसीसी ८, क्लँग ७ किंवा व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ ची १५.७, यांपैकी एक. सीआयमध्ये ज्या सर्वांत जुन्या कंपायलरवर रोज बिल्ड होतो, तोच या यादीत लिहावा; ज्यावर कधी बिल्ड केलेला नाही, त्याचे नाव अंदाजाने घालू नये.

पायरी चौथी: आधी सांगा

मानक वाढवण्याच्या आधीच्या आवृत्तीत सूचना जावी. वाचामाहितीत आणि बदलांच्या नोंदीत एक परिच्छेद लिहावा: ही सी++११ वर चालणारी शेवटची आवृत्ती आहे, पुढच्या आवृत्तीला अमुक कंपायलर लागतील, आणि जुन्या शाखेत अमुक काळापर्यंत केवळ गंभीर दोष दुरुस्त केले जातील. पण नोंदी कोणी वाचत नाही, हे गृहीत धरून सूचना हेडरमध्येही घालावी. सी++१७ पेक्षा जुन्या मानकात कंपाइल होत असेल तर एक वॉर्निंग दिसावी, आणि ती बंद करण्यासाठी एक मॅक्रो द्यावा. तो मॅक्रो न दिल्यास, जेथे वॉर्निंगला एरर मानण्याची सेटिंग आहे तेथे निव्वळ सूचनेमुळे बिल्ड मोडतो आणि लोकांचा राग ओढवतो.

वेळ कोणती निवडावी, हे तुमच्या वापरकर्त्यांच्या कामावर अवलंबून असते. खानदेशात दिवाळीच्या सुमारास कापूस बाजारात येऊ लागतो आणि त्यापुढचे काही महिने जिनिंगच्या काट्यासमोर गाड्यांची रांग असते. त्या काळात पावतीच्या प्रोग्रामला हात लावायला कोणीही धजत नाही, आणि धजू नये. सूचना हंगामाच्या आधी द्यावी आणि वाढीव मानकाची आवृत्ती हंगाम उतरल्यावर काढावी, म्हणजे प्रोग्रामरला मधला निवांत काळ मिळतो. रावेर-सावद्याकडे केळीच्या गाड्यांचे वजन करणाऱ्यांना असा निवांत काळ मिळत नाही, कारण केळी बाराही महिने निघते. त्यांच्यासाठी जुन्या शाखेची मुदत थोडी लांब ठेवणे हाच मार्ग.

आवृत्तीचा कोणता आकडा वाढवावा यावर मतभेद आहेत. गूगलटेस्टने हा बदल मधल्या आकड्यावर केला. छोट्या लायब्ररीने मात्र पहिला आकडा वाढवावा असे मला वाटते, ‘१.९ वरून १.१० घेतले आणि बिल्ड बंद पडला’ यापेक्षा ‘२.० घेताना विचार करावा लागला’ हे ऐकायला केव्हाही बरे.

पायरी पाचवी: फक्त आकडा बदला

या पायरीत कोडला हात लावू नये. एकाच पुल रिक्वेस्टमध्ये मानकही वाढवले आणि सगळीकडे ‘स्ट्रिंग_व्ह्यू’ ही घातले, तर काही बिघडल्यावर दोष कशाचा हे शोधण्यात दिवस जातात.

सीमेकच्या फाइलमध्ये ‘टार्गेट_कंपाइल_फीचर्स’ च्या ओळीत ‘सीएक्सएक्स_एसटीडी_१७’ लिहावे, आणि त्याआधीचा शब्द ‘पब्लिक’ असावा. ‘प्रायव्हेट’ लिहिले, तर लायब्ररी स्वतः सी++१७ मध्ये कंपाइल होईल, पण तिच्या हेडर फाइल घेणाऱ्या प्रोग्रामला ही अट पोहोचणार नाही. तो जुन्या मानकात कंपाइल होऊ लागेल आणि ‘ऑप्शनल नावाचे काही सापडले नाही’ असे लायब्ररीच्या हेडरमधले एरर वापरकर्त्याच्या पडद्यावर येतील. ‘सीमेक_सीएक्सएक्स_स्टँडर्ड’ मध्येही हीच उणीव आहे: ते वापरकर्त्याच्या टार्गेटपर्यंत जात नाही. फक्त हेडर फाइलची लायब्ररी असेल, तर ‘पब्लिक’ ऐवजी ‘इंटरफेस’ येईल. ‘सीएक्सएक्स_एसटीडी_१७’ हे नाव सीमेकला ३.८ पासून कळते, म्हणून फाइलच्या पहिल्या ओळीतली सीमेकची किमान आवृत्तीही तपासावी.

सीमेक न वापरणारे वापरकर्तेही असतात. त्यांच्यासाठी मुख्य हेडरच्या अगदी वर एक पहारा ठेवावा: मानक कमी असेल तर ‘हॅश एरर’ ने थांबावे आणि काय लागते, ते कसे चालू करावे, जुनी शाखा कोणती, हे त्याच संदेशात सांगावे. तपासणी ‘सीप्लसप्लस’ या अंगभूत मॅक्रोवर होते. सी++११ साठी त्याची किंमत २०११०३, सी++१४ साठी २०१४०२ आणि सी++१७ साठी २०१७०३ असते. येथे मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरची एक खोड आहे. ‘झेडसी’ गटातला खास फ्लॅग दिला नाही, तर त्याचा हा मॅक्रो कोणत्याही मानकात १९९७११ हीच किंमत सांगतो, म्हणजे बिचारा वापरकर्ता सी++१७ मध्येच कंपाइल करत असतो आणि तुमचा पहारा त्याला परत पाठवतो. त्या कंपायलरसाठी ‘एमएसव्हीसी_लँग’ हा मॅक्रो तपासावा. व्हिज्युअल स्टुडिओचे मुळातले मानक सी++१४ असल्यामुळे तेथे सेटिंग न बदलणारा प्रत्येक जण या पहाऱ्यावर येऊन थांबणार, हेही ध्यानात ठेवून संदेशाची भाषा लिहावी.

सीआयमध्ये पहिल्या पायरीतल्या वेगळ्या कामाचे मानक ११ ऐवजी १७ करावे, आणि सर्वांत जुन्या कंपायलरवरचे काम नव्या यादीप्रमाणे बदलावे.

पायरी सहावी: आता कोड, पण बेताने

सर्वांत आधी काढून टाकण्याच्या गोष्टी काढाव्यात. जुन्या मानकासाठी ठेवलेल्या अटींपैकी सर्वांत धोकादायक अट अशी असते: सी++१७ असेल तर मानकातला ‘स्ट्रिंग_व्ह्यू’ घ्या, नसेल तर आमचा स्वतःचा छोटा ‘व्ह्यू’ वर्ग घ्या. समजा, लायब्ररी सी++११ मध्ये बांधून ठेवली आहे आणि वापरकर्त्याचा प्रोग्राम सी++१७ मध्ये आहे. दोघांनी एकच हेडर घेतले, तरी फंक्शनचा पॅरामीटर एका ठिकाणी एका प्रकारचा आणि दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या प्रकारचा होतो, त्यामुळे लिंकरसाठी ती दोन वेगळी फंक्शन्स ठरतात आणि ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येतो. हा दोष हेडर वाचून दिसत नाही. त्याहून वाईट म्हणजे असा वर्ग एखाद्या स्ट्रक्टचा सदस्य असेल आणि दोघांचे आकार वेगळे असतील, तर लिंक बिनबोभाट होते आणि वजनाच्या जागी कचरा वाचला जातो. किमान मानक सतरा केल्यावर ही अट सबंध काढता येते. मानक वाढवण्याचा मला तरी सर्वांत मोठा फायदा हाच वाटतो.

‘स्ट्रिंग_व्ह्यू’ घालताना जुनी सी फंक्शन्स सांभाळावीत. आपल्या इंडिकेटरच्या ओळीत सात आकडी वजनाला लागूनच एकआकडी कोड आहे. ‘००१२३४०’ एवढ्याच सात आकड्यांवर व्ह्यू ठेवला आणि त्याचा पॉइंटर ‘स्ट्रटॉल’ ला दिला, तर व्ह्यू कोठे संपतो हे त्या फंक्शनला कळत नाही. ते पुढचा कोडही, समजा २, आकड्यातच धरते आणि १२३४० किलोच्या जागी १२३४०२ किलो हाती येतात. रिकाम्या मैदानात चाचणी घेताना शून्याला लागून आलेला शून्य कोड काहीच बिघडवत नाही, त्यामुळे हा दोष खऱ्या गाडीवरच उघडा पडतो. ‘फ्रॉम_चार्स’ ला सुरुवात आणि शेवट असे दोन्ही पॉइंटर द्यावे लागतात, म्हणून ते सात आकड्यांवर थांबते. मात्र ‘स्ट्रटॉल’ सुरुवातीचे अधिक चिन्ह आणि मोकळ्या जागा आपणहून ओलांडते, ‘फ्रॉम_चार्स’ ओलांडत नाही. अधिक चिन्ह दिसताच ते चुकीची ओळ म्हणून परत येते. चिन्ह आधी स्वतः वाचावे आणि मग आकडे त्याच्या स्वाधीन करावेत. या दोन्ही गोष्टींच्या चाचण्या बदल करण्यापूर्वी लिहून ठेवाव्यात.

सी++१७ ने काही जुन्या गोष्टी काढूनही टाकल्या: ‘ऑटो_पीटीआर’, ‘रँडम_शफल’, ‘बाइंडफर्स्ट’ व ‘बाइंडसेकंड’, ‘रजिस्टर’ या शब्दाचा जुना वापर आणि अपवादांची यादी देणारे ‘थ्रो’. तुमच्या कोडमध्ये त्या नसतील, पण वापरकर्त्याच्या कोडमध्ये असू शकतात, आणि तुमच्या हेडरसाठी त्याने मानक वाढवले की त्याच फाइलमधला त्याचा जुना कोड मोडतो. आपल्याकडे हमखास दिसणारा प्रकार ‘बाइट’ चा आहे. प्रत्येक फाइलच्या वर ‘युजिंग नेमस्पेस एसटीडी’ लिहिण्याची शिकवण आणि सिरियल पोर्टसाठी घेतलेले विंडोजचे हेडर, हे दोन एकत्र आले की मानकातला नवा ‘बाइट’ आणि विंडोजचा जुना ‘बाइट’ यांतला कोणता घ्यावा हे कंपायलरला ठरवता येत नाही. एरर विंडोजच्या हेडरमध्ये दिसतो, त्यामुळे नवखा मनुष्य विंडोजला दोष देत बसतो. ती ‘युजिंग’ ची ओळ हेडरांच्या खाली आणावी किंवा काढूनच टाकावी. ते शक्य नसेल तेथे मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर ‘हॅज_एसटीडी_बाइट’ हा मॅक्रो शून्य करता येतो. हा परिच्छेद वाचामाहितीत तसाच उतरवून घ्यायला माझी हरकत नाही.

पायरी सातवी: प्रकाशन आणि नंतरचे काही आठवडे

प्रकाशनापूर्वी शेवटच्या सी++११ आवृत्तीवरून एक शाखा काढून तिचे नाव हेडरमधल्या संदेशातल्या नावाशी जुळते का ते पाहावे. तयार बायनरी वाटत असाल, तर ती कोणत्या कंपायलरने बांधली ते फाइलच्या नावातच लिहावे: जीसीसीने आपला सी++१७ आधार नवव्या आवृत्तीपर्यंत प्रायोगिक मानला होता, त्यामुळे जीसीसी ८ ने सी++१७ मध्ये बांधलेली लायब्ररी आणि जीसीसी ९ ने बांधलेला प्रोग्राम एकमेकांशी जुळतीलच, अशी हमी नाही. शक्य तेथे वापरकर्त्याने सोर्सवरूनच बिल्ड करावा.

पहिल्या तक्रारी बहुधा दोनच प्रकारच्या येतात. एकाला सेटिंग बदलायची असते, त्याला संदेशातली ओळ दाखवली की काम होते. दुसऱ्याचा कंपायलर खरोखर जुना असतो. त्याला आधी नवा कंपायलर बसवणे शक्य आहे का ते विचारावे, आणि नसेल तर जुन्या शाखेवर थांबायला सांगावे. त्याच्या एकट्यासाठी मुख्य शाखेत सी++११ ची अट परत घालण्याची विनंती आली, तर ती नम्रपणे नाकारावी आणि जुन्या शाखेची मुदत नोंदीत पुन्हा एकदा तारखेसह लिहावी.